जळक्या चिपवरचं पांढरं मलम

१

दार उघडताच भिंगबाईंनी पदर नाकाला लावला.

प्रयोगशाळेत तीन वास एकमेकांत कालवले गेले होते. पहिला कुजक्या मांसाचा. तो कुठून येतोय हे त्यांना ठाऊक होतं: आजच्या प्रात्यक्षिकासाठी मालकाच्या भाच्यानं खाटकाकडून बोकडाची आतडी आणून ट्रेमध्ये मांडली होती आणि कोणीतरी ती फ्रीजमध्ये ठेवायला विसरलं होतं. दुसरा वास जळक्या प्लास्टिकचा. आणि या दोन्हींवर, मेलेल्या उंदरावर अत्तर शिंपडावं तसा, बाटलीतल्या मोगऱ्याचा.

"काल आठला कुलूप लावलं तेव्हाही मोगऱ्याचाच वास होता," मागून चौकीदार म्हणाला. "म्हटलं, पाहुणे यायचेत, म्हणून मारला असेल कोणी. आत काही मी आलो नाही, बाई. दारातूनच दिवा घालवला."

भिंगबाईंनी खिडक्या उघडल्या, आतड्यांचा ट्रे हात लांब धरून चौकीदाराकडे दिला आणि मग टेबलाकडे वळल्या.

चोवीस वर्षं त्या इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्डांची तपासणी करत होत्या. गळ्यात दोरीनं अडकवलेलं भिंग घरीही काढायचं राहून जायचं, म्हणून हे नाव. समोरचा बोर्ड त्यांच्या चांगल्या ओळखीचा होता. शस्त्रक्रियेच्या वेळी पोटात घालायच्या दुर्बिणीचं चित्र आत घ्यायचं, त्यातला धूर नि धुरकटपणा काढायचा, अंधारे कोपरे उजळायचे आणि स्वच्छ चित्र पडद्यावर पाठवायचं, हे काम करणारी कंपनीची पहिलीवहिली चिप त्याच्या मधोमध होती. डावा पडदा मूळ चित्राचा, उजवा चिपनं धुतलेल्या चित्राचा. अकरा वाजता दुर्बिणी बनवणारे पाहुणे येणार होते, सोबत त्यांचे सर्जनही. सौदा झाला तर दहा हजार चिपा.

बोर्ड आता मेला होता. चिपच्या भोवतीचा हिरवा भाग करपून तपकिरी पडला होता, शेजारचं पांढरं कनेक्टर मेणबत्तीसारखं ओघळलं होतं. वीज घ्यायच्या भोकात बारा व्होल्टच्या अडॅप्टरऐवजी लॅपटॉपचा एकोणीस व्होल्टचा अडॅप्टर खुपसलेला होता. त्यावर निळ्या नेलपॉलिशची खूण होती. ती खूण कोणाची, हे सगळ्या मजल्याला माहीत होतं.

सव्वाआठला मालक आले. त्यांनी बोर्डाकडे पाहिलं, अडॅप्टरकडे पाहिलं आणि डोळे मिटून सुस्कारा टाकला.

"जोडणीवाल्या चिमटीचा आहे ना हा? तिला दुसरीकडं नोकरी लागलीय, माहितेय तुम्हाला? जाता जाता घाण करून गेली." मग आवाज मऊ करून म्हणाले, "बाई, तुमच्या शब्दाला वजन आहे. दहापर्यंत मला लेखी द्या: चुकीचा अडॅप्टर लावल्यामुळं बोर्ड जळाला. पाहुण्यांना दाखवायला काहीतरी हवं ना."

"बघते," भिंगबाई म्हणाल्या.

ते गेल्यावर त्यांनी चिपच्या डोक्यावरची हीटसिंक, म्हणजे चिप थंड ठेवणारा ॲल्युमिनियमचा दातेरी ठोकळा, चार खिट्ट्या दाबून काढली. खाली चिपला फोड आले होते, राखाडी पोपडे सुटले होते. त्यावर छापलेलं कंपनीचं नाव जळून गेलं होतं.

आणि चिपची उष्णता ठोकळ्यात जावी म्हणून दोघांच्या मध्ये लावलेलं मलम दुधासारखं पांढरंशुभ्र होतं.

भिंगबाईंनी भिंग खाली सोडलं. चिप इतकी भाजली आणि तिच्या अंगाला चिकटलेलं मलम साधं पिवळंही पडलं नाही? म्हणजे आधी चिप जळाली आणि नंतर कोणीतरी नवं मलम लावून वर ठोकळा बसवला.

२

चिमटी जोडणीच्या खोलीत हात मांडीवर ठेवून बसली होती. हिच्या हातात सदानकदा चिमटा असायचा. तो आज टेबलावर पडला होता. बातमी तिच्यापर्यंत आधीच पोचली होती.

"काय झालं काल, नीट सांग," भिंगबाई स्टुलावर बसल्या.

"सहाला बोर्ड चालवून बघितला, बाई. दोन्ही पडदे लख्ख. बोर्डचा अडॅप्टर पाचलाच भाचेसाहेबांनी नेला होता, म्हणून टेबलावरच्या पॉवर सप्लायवर चालवला. साडेसहाला बंद केला आणि घरी गेले. माझा अडॅप्टर माझ्या खणात होता."

"खणाला कुलूप?"

"इथं कशाला कुलूप असतं? मालकांच्या कपाटाशिवाय."

"नोकरी सोडतेयस हे खरं?"

"खरं आहे. आणि सांगितलं नाही हेही खरं. पण म्हणून मी बोर्ड जाळीन?" तिचा आवाज चिरकला. "चार महिने बसवलाय तो मी. माझ्या डोळ्यांचं भजं झालंय."

भिंगबाईंनी बोर्ड तिच्यासमोर ठेवला. चिमटीनं वितळलेल्या कनेक्टरकडे पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"हे गरम हवेच्या बंदुकीनं केलंय. बघा ना, चिपच्या बाजूचंच अंग वितळलंय, मागचं जसंच्या तसं. आणि शेजारचे भाग तापू नयेत म्हणून पिवळी टेपसुद्धा लावली नाही. असं तर कणीस भाजतात."

हे भिंगबाईंनाही दिसलं होतं. वीज जास्त होऊन चिप जाते तेव्हा ती आतून जाते. मध्ये खड्डा पडतो नाहीतर चीर जाते. ही वरून भाजली होती. चिमटीच्या हाताला टेप लावायची इतकी सवय होती की ती झोपेतही लावली असती.

पण एक गोष्ट त्यांच्या मनात खटकली. कनेक्टरवर इतकं बोलणारी ही मुलगी चिपकडे मात्र एकदाही बघत नव्हती.

३

चिपचा नकाशा काढणारा माणूस, सगळे त्याला नकाशेवालाच म्हणत, आपल्या खोलीत पडदे ओढून बसला होता. तीन वर्षं तो त्या एका चिपवर काम करत होता. टेबलावर कपांच्या तळाशी साय धरलेला चहा होता आणि खुर्चीभोवती कुरतडलेल्या नखांचे तुकडे सांडले होते. भिंगबाईंनी पाय जपून ठेवला.

"एकोणीस व्होल्ट लागले म्हणे बोर्डला," त्या म्हणाल्या.

"असं म्हणतात."

"तुम्ही काय म्हणता?"

"मी काय म्हणणार? जळाला तर जळाला." त्यानं करंगळी दातांत धरली. "बरंच झालं एका परीनं."

"बरं कसं? तीन वर्षं घातलीत तुम्ही."

भिंगबाईंनी बोर्ड त्याच्यापुढे सरकवला आणि वीज घ्यायच्या भोकाजवळच्या तांदळाच्या दाण्याएवढ्या भागावर बोट ठेवलं. "हा काय आहे?"

"फ्यूज. मीच घातलाय. तेरा व्होल्टच्या वर काहीही आलं की शेजारचा भाग सगळी वीज यातून ओढतो आणि हा आधी उडतो, पुढचं सगळं वाचतं. चिमटीनंच सुचवलं होतं, प्रात्यक्षिकाला कोण काय लावेल सांगता येत नाही म्हणून." बोलता बोलता तो थांबला. आपण काय बोलून बसलो हे त्याच्या चेहऱ्यावर उमटलं.

भिंगबाईंनी मीटरची दोन्ही टोकं फ्यूजला लावली. मीटर वाजलं. फ्यूज धडधाकट होता.

"म्हणजे एकोणीस व्होल्ट इथं आलेच नाहीत," त्या म्हणाल्या. "कोणीतरी चिप भाजली, ठोकळा बसवला आणि मग नुसता अडॅप्टर खुपसून ठेवला. चालू न करता. फ्यूजचं ज्याला माहीत होतं तो अशी गोष्ट रचणार नाही. तुम्हाला माहीत होतं, चिमटीला माहीत होतं."

नकाशेवाल्यानं कपाळावरचा घाम बाहीनं पुसला. सुटका झालेल्या माणसाला येतो तसा तो घाम नव्हता.

"बाई, सोडून द्या ना हे," तो हळू म्हणाला. "लिहून द्या ते म्हणतात तसं. त्या मुलीला नोकरी लागलेलीच आहे."

बोर्ड उचलून भिंगबाई खोलीबाहेर पडल्या.

४

सव्वानऊला भाचा धापा टाकत आला. शर्टाच्या खिशावर कालच्या जेवणाचा तेलकट डाग तसाच होता. हातात बोर्डचा खरा अडॅप्टर.

"घ्या. माझ्या स्पीकरला हाच लागतो, म्हणून नेला होता. सकाळी आणायचाच होता. मामा चिडलेत?"

"काल संध्याकाळी तू कुठं होतास?"

"पाहुण्यांबरोबर. सहा ते दहा, एक मिनिट सोडलं नाही त्यांना. सर्जनसाहेबांना विचारा, त्यांना मी चार वेळा तीच गोष्ट सांगितली." तो हसला, मग भिंगबाईंचा चेहरा पाहून हसू आवरलं. "का हो?"

"त्यांनी आजच्याबद्दल काही सांगितलं का?"

"सांगितलं ना. त्यांच्या इंजिनिअरला हीटसिंक काढून चिप बघायचीय, फोटो घ्यायचेत. नेहमीचंच आहे त्यांचं. मी तिथूनच साडेसहाला मामांना फोन लावला, म्हटलं हरकत नाही ना? मामा म्हणाले, अजिबात नाही, बघू दे की."

साडेसहा. चिमटी निघाली तेव्हाची वेळ. चौकीदारानं आठला कुलूप लावलं. मधला दीड तास.

भिंगबाई भाच्याला तिथंच सोडून सामानाच्या खोलीत गेल्या. चिपा दमट हवेनं बिघडू नयेत म्हणून कोरड्या कपाटात ठेवत. कारखान्यातून आल्या तेव्हा त्यांनीच मोजून घेतल्या होत्या: एका ट्रेमध्ये वीस खण, वीस चिपा. एक बोर्डवर बसली. म्हणजे एकोणीस राहायला हव्यात.

त्यांनी ट्रे बाहेर काढला, बोटानं मोजला, उलटीकडून पुन्हा मोजला.

वीस खण, वीस चिपा.

मग बोर्डवर जळाली ती कोण?

५

"काढ ती," भिंगबाई म्हणाल्या.

चिमटीनं काही विचारलं नाही. शेजारच्या सगळ्या भागांना पिवळी टेप लावली, बोर्ड खालून तापवला, गरम हवेची बंदूक गोल गोल फिरवली आणि सोल्डरचा डाग वितळल्याबरोबर चिप चिमट्यानं अलगद उचलली. उलटी करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली.

वरून कोळसा झालेली चिप खालून अजून वाचता येत होती. एका कडेला बारीक अक्षरांत नंबर होता, भलत्याच कंपनीचा. भिंगबाईंनी तो ओळखला. जुन्या टीव्हींत ही चिप सर्रास असायची. आपली चिप तिच्याच जागी बसावी अशाच मापाची नकाशेवाल्यानं काढली होती. पण एवढंच नव्हतं. खालच्या बाजूला जुन्या डागांचे ओरखडे होते, त्यावर नव्यानं सोल्डरच्या गोळ्या बसवलेल्या होत्या, कोपऱ्यात जुना चिकट मळ तसाच साचलेला होता. ही चिप नवीसुद्धा नव्हती. भंगारातल्या टीव्हीतून उपटून, धुऊन, पाठीवरचं नाव घासून, त्यावर कंपनीचं नाव छापून आणलेली.

आणि ही दहा हजारांच्या संख्येनं माणसांच्या शस्त्रक्रियेच्या यंत्रांत बसणार होती.

भिंगबाईंनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा बाजूला घेतला. या बोर्डवर तपासणीचा शिक्का त्यांचाच होता. "गुपित आहे, हीटसिंक काढू नका," असं मालक म्हणाले होते आणि त्यांनी चोवीस वर्षांत पहिल्यांदा न बघता शिक्का मारला होता.

"मला माहीत होतं, बाई," मागून चिमटी म्हणाली.

भिंगबाई वळल्या नाहीत.

"बसवताना बोटाला खरखरीत लागली होती. घासलेली. मी नकाशेवाल्यांना विचारलं, ते म्हणाले नमुना आहे, गप्प बस. मी गप्प बसले. मग दुसरी नोकरी शोधायला लागले." तिनं चिमटा खाली ठेवला. "तुम्ही मला निर्दोष समजून धडपडताय, म्हणून सांगितलं."

"जाळली तू नाहीस."

"नाही. पण बसवली मीच."

दहाला पाच कमी होते. खाली पाहुण्यांची गाडी वेळेआधीच येऊन थांबल्याचं भाचा ओरडत सांगून गेला.

६

मालकांच्या खोलीचं दार उघडलं तशी मोगऱ्याची लाट अंगावर आली. फवाऱ्याची बाटली खिडकीत होती. नकाशेवाला कोपऱ्यात उभा होता, शाळेत शिक्षा झाल्यासारखा.

"लिहून आणलंत?" मालकांनी हात पुढे केला.

"तोंडीच सांगते," भिंगबाई म्हणाल्या. "भाचा पाहुण्यांसोबत होता. चिमटी आणि हे नकाशेवाले, दोघांना फ्यूज माहीत होता. एकोणीस व्होल्टची गोष्ट ते रचणार नाहीत. बोर्ड नुसता मारायचा असता तर एक तार कापून भागलं असतं. पण ठोकळा काढून चिपची पाठच भाजली, कारण पाठीवरचं घासकाम आज फोटोत येणार होतं. हे साडेसहाला कळलं ते एकट्या तुम्हाला. यांना कळलं असतं तर यांनी खालची बाजूही सोडली नसती, तिथं नंबर असतो हे यांना ठाऊक आहे. वरचं नाव गेलं म्हणजे सगळं गेलं, असं ज्याला वाटतं त्यानं हे केलं. बंदूक तुम्हाला चालवता येते. पाहुणे आले की हौसेनं दाखवता. आणि जळका वास जाईना, तेव्हा ही बाटली."

मालक चिडले नाहीत. तेच भिंगबाईंना जास्त किळसवाणं वाटलं. ते हसले, एखाद्या हुशार भाचीचं कौतुक करावं तसे.

"बसा, बाई. यांच्या वीसच्या वीस चिपा मेलेल्या आल्या. तीन वर्षांचं पाणी झालं. मी काय करायचं, टाळं लावायचं? तुम्हा चाळीस जणांच्या घरची चूल मी पेटती ठेवली."

"भंगार घालून."

"चित्र दिसतंय ना स्वच्छ? मग कोणाच्या पोटात दुखतंय?"

"पोट उघडून माणूस टेबलावर पडलेला असताना पडदा काळा झाला तर?"

"वर्षाची हमी देतोय आपण," मालक म्हणाले. "बदलून देऊ."

नकाशेवाल्यानं पहिल्यांदा मान वर केली. "मी तुम्हाला सांगितलं होतं, मला पुन्हा करू द्या," तो म्हणाला. "आठ महिने मागितले होते फक्त."

"चला, पाहुणे बसलेत," मालक उठले, केस नीट केले आणि बाहेर पडले.

बैठकीच्या खोलीत भिंगबाई पोचल्या तेव्हा मालकांनी सर्जनचा हात दोन्ही हातांत धरला होता. "एका मुलीच्या बेपर्वाईमुळं आजचं प्रात्यक्षिक..." असं काहीतरी चाललं होतं. सर्जन उंच, थकलेले गृहस्थ होते. रात्रपाळी करून आल्यासारखे डोळे.

भिंगबाईंनी सूक्ष्मदर्शक टेबलावर ठेवला. चिमटीनं त्याखाली उलटी चिप सरकवली आणि बाजूला वीस चिपांचा ट्रे मांडला.

"बाईंची तब्येत हल्ली बरी नसते," मालक म्हणाले.

"ही आज तुमच्यासमोर चालणार होती ती चिप," भिंगबाई सर्जनना म्हणाल्या. "जुन्या टीव्हीतून काढलेली आहे. या ट्रेमधल्या आमच्या, त्यातली एकही चालत नाही. बोर्डवर शिक्का माझा आहे. मी न बघता मारला."

"बसवली मी," चिमटी म्हणाली.

सर्जन सूक्ष्मदर्शकावर वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. त्यांनी स्वतःच चकती फिरवून कोपऱ्यातला मळ नीट दिसेल असं केलं. मालक काहीतरी बोलत होते, भाव कमी करता येईल, दुसरा बोर्ड पंधरा दिवसांत. भाचा मामांकडे पाहत होता आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं होतं.

शेवटी सर्जन सरळ झाले. मालकांनी मघाशी धरलेला आपला उजवा हात त्यांनी अंगापासून जरा लांब धरला होता.

"बेसिन कुठं आहे?" त्यांनी भिंगबाईंना विचारलं.

त्यांनी वाट दाखवली. सर्जननी बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि शस्त्रक्रियेला जाणारा माणूस धुतो तसे हात धुतले, बोटांच्या बेचक्यांतून, नखांखालून, मनगटांपर्यंत. त्यांच्या मागं भिंगबाई उभ्या राहिल्या. भिंगबाईंच्या मागं चिमटी येऊन उभी राहिली, आणि तिच्या मागं, भिंतीला खेटून, नकाशेवाला.

साबणाची वडी पातळ चकती उरली होती. ती त्यांनी एकमेकांच्या हातात दिली, जपून, मोडू नये म्हणून.